मर्सिडीज 'डब्ल्यू १२४' : आधी निदान, मग पाना

पिंपरी-चिंचवड येथील टेल्कोच्या आवारातून १९९५ साली मर्सिडीज-बेंझची भारतात जोडलेली पहिली मोटार बाहेर पडली. कारखान्याच्या परिभाषेत तिचे नाव 'डब्ल्यू १२४'. त्या काळी ही गाडी दारात उभी असणे ही उद्योगपती, चित्रपट कलावंत आणि नामांकित शल्यविशारदांची ओळख मानली जाई. आज त्या गाड्यांनी तिशी गाठली आहे. काही केव्हाच भंगारात गेल्या. काही गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात कापडाखाली धूळ खात उभ्या आहेत. तर काही अजूनही पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर, विशेषतः रविवारच्या सकाळी, डौलाने धावताना दिसतात.

यांतील शेवटच्या प्रकारच्या गाड्या टिकल्या त्या केवळ मालकाच्या पैशामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. जुन्या जर्मन गाडीचा घात वयापेक्षा अंदाजपंचे दुरुस्तीने अधिक होतो. दोष कोठे आहे हे न शोधता एकामागून एक महागडे भाग बदलले जातात, दोष तसाच राहतो, मालकाचा धीर सुटतो आणि गाडी कोपऱ्यात जाते. याउलट, आधी निदान आणि मग पाना ही शिस्त ज्यांनी पाळली, आणि ती पाळताना समानधर्मी मालकांची सोबत ज्यांना लाभली, त्यांच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्या शिस्तीचा आणि सोबतीचा हा परिचय.

स्टुटगार्ट ते पिंपरी

'डब्ल्यू १२४' ही मालिका १९८४ च्या अखेरीस युरोपात सादर झाली. तिची पूर्वसुरी 'डब्ल्यू १२३' १९७६ पासून बाजारात होती आणि जर्मनीतील टॅक्सीचालकांचा तिच्यावर गाढ विश्वास होता. नव्या गाडीने तो वारसा पुढे नेला. ब्रुनो साक्को यांच्या नेतृत्वाखालील रचनाकारांनी तिच्या अंगकाठीला वाऱ्याचा अडथळा कमीत कमी व्हावा असा आकार दिला. मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्यांनी धरून ठेवणारी रचना १९८२ च्या '१९०' या छोट्या मर्सिडीजमध्ये प्रथम आली होती; तीच येथेही वापरण्यात आली. खडबडीत रस्त्यावरही ही गाडी बिचकत नाही, याचे श्रेय मुख्यतः या रचनेकडे जाते.

१९९३ साली या मालिकेला 'ई-क्लास' हे नाव मिळाले. जर्मनीतील सेडान गाड्यांचे उत्पादन १९९५ मध्ये थांबले. उघड्या टपाची आवृत्ती मात्र १९९७ पर्यंत निघत होती. एकूण पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. '५०० ई' या आठ सिलिंडरच्या दांडग्या आवृत्तीच्या जडणघडणीत तर पोर्शे या स्टुटगार्टच्याच कंपनीचा हात होता.

भारताचे मर्सिडीजशी नाते मात्र त्याहून जुने आहे. टेल्को आणि डेम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून १९५४ पासून जमशेदपूरला मालमोटारी बनू लागल्या आणि हे सहकार्य १९६९ पर्यंत टिकले. पुढे १९९४ मध्ये मोटारींसाठी नवी कंपनी स्थापन झाली आणि पुण्यात पेट्रोलवरील 'ई २२०' व पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची 'ई २५० डी' जोडली जाऊ लागली. २००९ मध्ये कंपनीने चाकण येथे स्वतःचा कारखाना उभारला. त्यामुळे पुणे परिसरात या गाडीची नस ओळखणारे कारागीर तयार झाले, हा योगायोग नव्हे.

अमर गाडी, की अखंड निगा?

मर्सिडीजच्या डिझेल गाड्या 'मरत नाहीत' अशी एक दंतकथा आहे. तिचा सर्वांत प्रसिद्ध दाखला ग्रीसमधील थेस्सालोनिकी शहराचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साकिनिदिस यांचा. त्यांची १९७६ ची '२४० डी' तब्बल ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ साली कंपनीच्या संग्रहात दाखल झाली. मात्र या आकड्यामागची गोष्ट अनेकदा अर्धीच सांगितली जाते. या प्रवासात त्या गाडीचे इंजिन अनेकदा उतरवून बदलावे लागले होते. गाडी अमर नव्हती. तिची निगा अखंड होती. 'डब्ल्यू १२४' विकत घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल. मजबूत गाडी दुर्लक्ष अधिक काळ सोसते, आणि म्हणूनच साठलेल्या दुर्लक्षाचे बिल एकदम मोठे येते.

निदानाची शिस्त

जुन्या गाडीच्या जाणकारांची पद्धत चार पायऱ्यांत सांगता येते : पाहणे, ऐकणे, मोजणे आणि सर्वांत शेवटी उघडणे. सामान्य गॅरेजमध्ये हा क्रम पुष्कळदा उलटा होतो.

पाहणे म्हणजे गळती, तडे गेलेले रबर, सुटलेली नळी, काळवंडलेली जोडणी यांचा डोळ्यांनी शोध. ऐकणे म्हणजे आवाज केव्हा येतो याची नोंद : थंड इंजिनवर की गरम, गाडी उभी असताना की वळताना, खड्ड्यात की ब्रेक दाबताना. 'गाडी आवाज करते' ही तक्रार मिस्त्रीला काहीच सांगत नाही. 'पहिल्या गिअरमध्ये निघताना खालून धडधड येते आणि वेग वाढला की थांबते' ही तक्रार अर्धे निदान करून ठेवते.

मोजण्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. काही शे रुपयांचा मल्टिमीटर हाती असला तरी बरेच कोडे सुटते. रात्रभर विसावलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान हवा. तो त्याहून कमी असेल तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये, त्याच्या रेग्युलेटरमध्ये अथवा जोडण्यांत असण्याचा संभव मोठा. इंजिन आणि गाडीची काया यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली की स्टार्टर मंदावतो, दिवे मिणमिणतात आणि मालक नवी बॅटरी आणतो. पट्टी स्वच्छ करण्याचा खर्च मात्र जवळजवळ शून्य असतो.

आणखी एक नियम अनुभवी मंडळी कसोशीने पाळतात : एका वेळी एकच बदल करायचा आणि मग गाडी चालवून पाहायची. तीन भाग एकदम बदलल्यावर दोष गेला, तर नेमका कशाने गेला हे कळत नाही. आणि नवा दोष आला, तर तो कोणी आणला हेही कळत नाही.

डिझेल : उष्णता, इंधन आणि दाब

डिझेल गाडी सकाळी सुरू होत नसेल तर तीनच प्रश्न विचारायचे असतात : पुरेशी उष्णता मिळते का, इंधन पोहोचते का आणि सिलिंडरमध्ये दाब तयार होतो का. तपासणीही याच क्रमाने व्हावी, कारण खर्चही याच क्रमाने वाढत जातो.

या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. हे प्लग समांतर जोडलेले असल्याने एक निकामी झाला तरी बाकीचे तापतात आणि गाडी कशीबशी सुरू होते. मात्र पहिला अर्धा मिनिट ती थरथरते आणि पांढरट धूर सोडते. डॅशबोर्डवरील पिवळ्या दिव्याच्या नेहमीच्या वागण्यात फरक पडला की तो इशारा समजावा. प्लगची तार सोडवून मल्टिमीटरने रोध मोजला की मेलेला प्लग लगेच ओळखू येतो. मात्र तो काढताना घाई नको. वर्षानुवर्षे काजळीत रुतलेला प्लग जोर लावताच आत तुटू शकतो. म्हणून तो गरम इंजिनवर, सावकाश सैल करण्याचा प्रघात आहे.

इंधनाच्या बाबतीत या गाडीने मालकाची मोठी सोय केली आहे. इंजिनवरील इंधनाच्या काही नळ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात. इंजिन चालू असताना त्यांत बुडबुडे धावताना दिसले तर कोठून तरी हवा शिरते आहे, हे उघड झाले. अशा वेळी महागडा फ्युएल पंप उतरवण्यापूर्वी जोडण्यांतील लहान रबरी कड्या आणि छोटा प्राथमिक फिल्टर तपासावा. काही रुपयांच्या कडीसाठी हजारो रुपयांचा पंप सोलून निघाल्याची उदाहरणे हौशी मालकांच्या बैठकीत हमखास ऐकायला मिळतात.

दाब मोजण्याची वेळ या दोन्हींनंतर येते. त्यात केवळ आकडा किती, हे पाहून भागत नाही. सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाहीत, हे अधिक महत्त्वाचे असते.

चावी काढली, तरी इंजिन सुरूच

मर्सिडीजची जुनी डिझेल गाडी नव्याने घेणाऱ्याला एक प्रसंग बुचकळ्यात टाकतो. चावी फिरवून बाहेर काढली तरी इंजिन चालूच राहते. यात घाबरण्यासारखे काही नाही. मर्सिडीजच्या अशा बहुसंख्य इंजिनांत इंधन बंद करण्याचे काम विजेऐवजी व्हॅक्यूम करतो. इंजिनवरचा पंप हवा ओढून घेतो आणि बारीक नळ्यांतून तो व्हॅक्यूम ठिकठिकाणी पोहोचतो. एखादी नळी चिरली वा रबरी सांधा सैल झाला की इंजिन थांबवणारा पडदा हलत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून 'स्टॉप' असे लिहिलेला खटका हाताने दाबला की इंजिन बंद होते. हा खटका कोठे आहे, हे गाडी घेतली त्याच दिवशी पाहून ठेवावे.

'डब्ल्यू १२३' मध्ये दरवाजांची कुलपेही याच व्हॅक्यूमवर चालत. त्यामुळे मागच्या दारातील गळतीचा परिणाम इंजिन बंद होण्यावर व्हावा, असा चमत्कारिक प्रकार तेथे घडतो. 'डब्ल्यू १२४' मध्ये कुलपांना स्वतंत्र विद्युत पंप मिळाला. तरीही स्वयंचलित गिअरच्या डिझेल गाड्यांत गिअर बदलण्याचा मृदूपणा व्हॅक्यूमवरच अवलंबून असतो. गिअर धक्का देऊन पडू लागला की 'गिअरबॉक्स गेला' असा निर्वाळा देण्याची घाई अनेकदा होते. अशा वेळी आधी हातपंपाने एकेका नळीचा व्हॅक्यूम टिकतो का, हे पाहावे. दोष पुष्कळदा बोटभर लांबीच्या रबरी सांध्यात सापडतो.

पेट्रोल : रिले आणि तारांचा गुच्छ

पेट्रोल गाड्यांची दुखणी काळानुसार बदलतात. १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत 'केई-जेट्रॉनिक' ही बॉशची इंधनप्रणाली होती. त्या गाड्यांत बॅटरीमागच्या कप्प्यात अतिरिक्त व्होल्टेजपासून संरक्षण करणारा एक रिले असतो. त्याच्या डोक्यावर फ्यूज असतो. हा रिले बिघडला की इंजिन डळमळीत चालते, सुरू व्हायला त्रास देते आणि सोबत एबीएसचा दिवाही लागतो. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन तक्रारी एकदम उद्भवल्या की जाणकार प्रथम याच रिलेकडे वळतात. बहुतेकदा आतल्या झाळकामाला तडा गेलेला असतो.

त्यानंतरच्या, म्हणजे साधारण १९९२ ते १९९५ या काळातील पेट्रोल इंजिनांचे दुखणे निराळे आहे. त्या वर्षांत इंजिनवरील तारांच्या गुच्छासाठी वापरलेले आवरण उष्णतेने कालांतराने ठिसूळ होते आणि हात लावताच खपली निघावी तसे गळून पडते. उघड्या तारा एकमेकींना भिडल्या की इंजिन अडखळते, मध्येच बंद पडते आणि दुर्दैवाने संगणकीय नियंत्रकही निकामी होऊ शकतो. अशी गाडी विकत घेण्यापूर्वी जोडणीजवळचे बाहेरचे आवरण किंचित सरकवून आतल्या तारांची स्थिती पाहावी. गुच्छ बदलल्याची पावती असेल तर ती गाडीच्या किमतीइतकीच महत्त्वाची मानावी. वरून चिकटपट्टी गुंडाळणे हा यावरचा उपाय नव्हे.

उष्मा, कोंडी आणि पंखा

जर्मनीच्या थंडीसाठी आखलेली गाडी मुंबईच्या मे महिन्यात आणि पुण्याच्या संध्याकाळच्या कोंडीत चालवायची, तर शीतकरणाची यंत्रणा पूर्ण निरोगी हवी. कोंडीत तापमानाचा काटा थोडा चढणे आणि गाडी वाहू लागताच उतरणे हे नैसर्गिक आहे. काटा चढतच राहिला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे हाच शहाणपणा. 'आता घर जवळच आहे' या विचाराने ओढलेले शेवटचे दोन किलोमीटर सिलिंडर हेडच्या दुरुस्तीचे निमित्त ठरतात.

येथेही क्रम असतो. प्रथम कूलंटची पातळी आणि गळती, मग थर्मोस्टॅट, मग पंखा. अनेक इंजिनांवरील मुख्य पंख्याच्या मध्यभागी चिकट द्रवाचा क्लच असतो. इंजिन गरम करून बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहिला आणि तो भिरभिरत राहिला, तर क्लच थकला असे समजावे. रेडिएटरच्या वरच्या नळीचा प्लॅस्टिकचा गळा वयाने कडक होतो आणि एखाद्या दिवशी सरळ तुटतो. त्याचा रंग व तडे दर सहा महिन्यांनी पाहावेत. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी भरण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. कूलंट केवळ गोठणे टाळण्यासाठी असतो, अशी समजूत आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात आतील ॲल्युमिनियम व लोखंड गंजू न देणे हे आपल्या हवेत त्याचे अधिक मोठे काम.

वातानुकूलनाबाबत एक इशारा. या गाडीचा इव्हॅपोरेटर डॅशबोर्डच्या मागे खोल बसवलेला असतो आणि तो बदलायचा तर सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गॅस वारंवार कमी होत असेल तर नायट्रोजन भरून गळतीची खात्री करून घेतल्याशिवाय या कामाला हात घालू देऊ नये.

चाकांखालची कुजबुज

गाडीच्या तळाचा बहुतेक आजार रबराचा असतो. मागच्या चाकांच्या दांड्यांचे बुश, पुढचे बॉल जॉइंट आणि इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग हे सारे वयाने कडक होते वा फाटते. प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना रबरी तबकड्या असतात. त्यांना तडे गेले की गाडी निघताना खालून धडधड जाणवते. गाडी लिफ्टवर असताना या तबकड्यांवर टॉर्चचा उजेड टाकायला दोन मिनिटे लागतात. स्टिअरिंगमधील ढिलाई वाढली म्हणून स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळण्यापूर्वी बाकीचे सांधे तपासावेत. बॉक्स अति आवळला तर तो कायमचा बिघडतो.

जुन्या ब्रेकच्या रबरी नळ्या आतून फुगतात. वरून त्या धडधाकट दिसतात, पण पाय काढल्यावरही एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि ते चाक तापते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी उत्तम असली तरी वय पाहावे : बाजूवर छापलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. वर्षाला हजार किलोमीटरही न धावणाऱ्या हौसेच्या गाडीचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात.

पावसाळा आणि गंज

कोकणपट्टी आणि मुंबईत गाडीचा खरा शत्रू इंजिनात नसून पत्र्यात असतो. 'डब्ल्यू १२४' च्या दोन्ही बाजूंना खालच्या भागात प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. त्यांच्या मागे माती आणि ओल साठते. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी तेथे आतून पोखरली जाते. जॅक लावण्याच्या जागा, बॅटरीखालचे तबक आणि पुढचे मडगार्ड हेही तपासणीचे नेहमीचे ठिकाण. काचेखालच्या खाचेत पाने साचली की पाणी वाहून जाण्याचा मार्ग बुजतो. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्याने पावसाआधी तेथे हात घालून सफाई करावी, हे सर्वांत स्वस्त गंजरोधक उपचार ठरतात.

याच पावसात या गाडीचे एक वैशिष्ट्य खुलून दिसते. तिला पुढच्या काचेवर एकच वायपर आहे. तो नुसता गोल फिरत नाही, तर फिरता फिरता लांबतो आणि आखडतो. त्यामुळे काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसला जातो. या यंत्रणेला वेळोवेळी ग्रीस मिळाले तर ती वर्षानुवर्षे चालते. ग्रीस सुकले की मोटर जळते.

सुटे भाग आणि त्यांची भाषा

सुटा भाग मागवताना 'अमुक गाडीचा फिल्टर' असे सांगणे पुरेसे नसते. मर्सिडीजच्या भागांचे क्रमांक बोलके असतात : आरंभीच्या अक्षरानंतरचे तीन अंक हा भाग मुळात कोणत्या गाडीसाठी वा इंजिनासाठी घडवला गेला, हे सांगतात. तेथे १२४ असेल तर गाडीचा, ६०२ असेल तर पाच सिलिंडरच्या त्या डिझेल इंजिनाचा. काढलेल्या भागावरील क्रमांक वहीत टिपून ठेवला की दुकानदाराच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही. अनेक भागांचे मूळ निर्माते बॉश, लेमफोर्डर, साक्स यांसारखे पुरवठादारच असल्याने त्यांच्याच नावाच्या वेष्टनात तोच दर्जा कमी दरात मिळण्याची शक्यता असते. मात्र नावाची नक्कल करणारा मालही बाजारात आहेच. म्हणून कोणत्या वर्षी, कोठून घेतलेला भाग किती किलोमीटर टिकला, ही माहिती सोन्याच्या मोलाची ठरते. आणि ती एकट्या मालकाकडे कधीच पुरेशी नसते.

सोबतीचे मोल

येथेच समानधर्मी मालकांचे महत्त्व उमगते. ब्रिटन, अमेरिका आणि जर्मनीत मर्सिडीज मालकांचे संघ अनेक दशकांपासून आहेत. अमेरिकेतील संघाची स्थापना १९५६ मधली. आपल्याकडे मुंबईत २०१४ पासून मर्सिडीज-बेंझच्या जुन्या गाड्यांची रॅली भरू लागली आणि युद्धपूर्व काळातील राजेशाही गाड्यांच्या रांगेत 'डब्ल्यू १२३' आणि 'डब्ल्यू १२४' यांनाही मानाचे स्थान मिळाले.

पण खरा व्यवहार रॅलीत नव्हे, रविवारी सकाळच्या अनौपचारिक भेटींत चालतो. पाच-सहा गाड्या एखाद्या मोकळ्या जागी उभ्या राहतात, बॉनेट उघडली जातात आणि मिसळ येईपर्यंत एकाच्या गाडीचा आवाज दुसऱ्याच्या गाडीशी ताडून पाहिला जातो. निदानाच्या दृष्टीने याहून उत्तम साधन नाही. आपल्या गाडीचे स्टिअरिंग जड आहे की सगळ्यांचेच असे असते, हे पुस्तक सांगू शकत नाही. शेजारची गाडी पाच मिनिटे चालवली की कळते. संशयित रिले दुसऱ्याच्या चालू गाडीतील रिलेशी बदलून पाहिला की हजारो रुपयांचा प्रश्न फुकटात सुटतो. दाबमापक, व्हॅक्यूमचा हातपंप, खास पाने ही वर्षातून एकदा लागणारी साधने प्रत्येकाने घेण्याऐवजी गटाने मिळून घेता येतात.

या मंडळींत वयाचा व हुद्द्याचा भेद फारसा उरत नाही. कंपनीतून निवृत्त झालेले 'काका' आणि नुकतीच नोकरी लागलेला तरुण एकाच गाडीखाली डोके घालतात. ज्याच्या गॅरेजमध्ये काम चालते त्या बुजुर्ग मिस्त्रींना सारेच 'उस्ताद' म्हणतात. नव्वदच्या दशकात या गाड्यांवर हात बसलेली ही पिढी आता थकत चालली आहे. इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगणारे त्यांचे कान कोणत्याही संगणकात साठवलेले नाहीत. त्यामुळे काही गटांत दुरुस्ती करून घेताना शेजारी उभे राहून प्रत्येक पायरी टिपून ठेवण्याची पद्धत पडली आहे. तारीख, किलोमीटर, लक्षण, कारण आणि उपाय असे पाच रकाने असलेली साधी वहीही त्यासाठी पुरते.

अर्थात, ही सारी खटपट शेवटी गाडी चालवण्याच्या आनंदासाठीच. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पहाटे खंडाळ्याचा घाट चढताना पाच सिलिंडरच्या डिझेलचा संथ, किंचित विषम ताल, दार मिटताना उमटणारा तो भरीव आवाज, बॉनेटच्या टोकावरची चांदणी आणि मागे सरकत जाणारे धुके यांचे मोल पैशात सांगता येत नाही. घाट उतरताना मात्र ब्रेकवर भार न टाकता खालच्या गिअरमध्ये उतरावे. गाडीचे वय विसरण्याचा मोह तेथेच होतो.

जुनी, पण वारसा नव्हे

या गाड्यांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न यांत्रिक नाही, कायद्याचा आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'एच' अक्षराची क्रमांकपट्टी मिळते. तज्ज्ञाच्या तपासणीनंतर अशी गाडी वारसा मानली जाते. मोटारीला वर्षाला सुमारे १९२ युरोचा ठोक कर लागतो आणि शहरांतील प्रदूषणनियंत्रित विभागांतही तिला प्रवेश असतो. 'डब्ल्यू १२४' ची जवळजवळ सारी मालिका आज या वयात बसते.

भारतात २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' ठरण्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते, आणि अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्याहून तरुण गाडी कायद्याच्या नजरेत केवळ 'जुनी' असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिला प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावे लागते. महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये केले. प्रदूषणाचा विचार करता जुन्या वाहनांवर नियंत्रण हवे, याबद्दल दुमत नाही. पण रोज शंभर किलोमीटर धूर ओकणारे वाहन आणि महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी, नीट जुळवलेली गाडी यांत फरक करणारी पायरी आपल्या नियमांत अद्याप नाही.

पुण्यात १९९५ साली जोडलेली 'डब्ल्यू १२४' सध्याच्या व्याख्येनुसार २०४५ पर्यंत वारसा ठरणार नाही. तोवर तिला दर पाच वर्षांनी तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागेल. ब्रेक, दिवे, धूर, पत्रा आणि चासी क्रमांकाची सुस्पष्टता या गोष्टी तेथे पाहिल्या जातात, आणि त्या नेमक्या वर सांगितलेल्या निगेतूनच साधतात. नोंदणीची मुदत संपण्याआधी काही महिने तयारीला लागणे, विमा आणि पीयूसी खंडित होऊ न देणे, प्रत्येक पावती जपून ठेवणे आणि दुरुस्तीची वही गाडीबरोबर पुढच्या मालकाला देणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.